घोरताना श्वास थांबतो: सीपॅपऐवजी दातांवरचं उपकरण पुरेल का?

हर्णैचा_मुलगा
वडील 56 वर्षांचे, पहाटे बंदरावरून मासळीचा टेम्पो चिपळूणला नेतात. झोपेत घोरणं मध्येच बंद पडतं, मग गुदमरल्यासारखे दचकून उठतात, असं आई सांगते. सकाळी डोकं जड, बीपीची गोळी चालू, गळ्याचा घेर 43 सेंमी. घरी केलेल्या स्लीप टेस्टमध्ये एएचआय 22, ऑक्सिजन सर्वांत खाली 83 टक्के. डॉक्टरांनी सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सांगितलाय. पण पावसात आमच्याकडे रात्रभर वीज नसते आणि मास्क त्यांना सहन होत नाही. दातांवर बसवायचं उपकरण चालेल का? वरच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, सुपारी-तंबाखूची सवय आहे.

दंतवैद्य_रत्नागिरी
एएचआय 22 म्हणजे तासाला सरासरी 22 वेळा श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा खूप कमी झाला. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. घरच्या टेस्टमध्ये बहुधा झोपेचे नव्हे, नोंदीचे तास धरतात. त्यामुळे बाबा बराच वेळ नुसते पडून असतील तर खरा आकडा याहून मोठा असेल. रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल’ किती लिहिलेत तेही बघा. त्यात मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही, तिथे दातांवरच्या उपकरणाने खालचा जबडा पुढे ओढून उपयोग नाही.

मध्यम आजारात सीपॅप जमत नसेल तर हे उपकरण योग्य पर्याय आहे. आकडा सीपॅपने जास्त उतरतो, पण उपकरण लोक जास्त तास वापरतात.

मला खरी काळजी सुपारीची आहे. बाबांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागत असेल, तर सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. हा कर्करोगाच्या आधीचा आजार आहे, आधी तो दाखवा. अशा तोंडात माप घेणंही कठीण आणि जबडाही पुढे सरकत नाही.

दोन दाढा नसल्या तरी अडत नाही. वर-खाली प्रत्येकी आठ-दहा घट्ट दात हवेत. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर आधी ते उपचार, कारण रात्रभर ओढ त्याच दातांवर येते. खालचा जबडा मागून पुढे एकूण किती मिमी सरकतो ते गेजने मोजतात. 5 मिमीपेक्षा कमी असेल तर फारसा फायदा होत नाही.

लॅबवाला_कुडाळ
माप शक्यतो स्कॅनरने घ्यायला सांगा. अल्जिनेटचं (ओल्या, मऊ लगद्यात दात दाबून घेतलेलं) माप असेल तर क्लिनिकमध्येच लगेच स्टोन (कडक प्लास्टर) ओतून मॉडेल करून घ्यावं. ओलं माप एसटीच्या पार्सलने पुढे पाठवलं की वाटेत पाणी सुटून आकसतं आणि उपकरण दातांवर डगमगतं. चावण्याची नोंद मॉडेलसोबत आलीच पाहिजे, नाहीतर जबडा किती पुढे धरायचा हे लॅबला कळत नाही.

हर्णैचा_मुलगा
ऑनलाइन गरम पाण्यात मऊ करून चावायचं मिळतं, ते आधी वापरून बघू का?

स्लीप_टेक्निशियन
ते घेऊ नका. सैल होतं, आणि बरीचशी मिमी-मिमीने पुढे घेता येत नाहीत. ते जमलं नाही म्हणून चांगलं उपकरणही जमणार नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

स्क्रूचं, दोन भागांचं घ्या. सुरुवात कमाल सरकण्याच्या साधारण निम्म्यावर. मग आठवड्याला अर्धा ते एक मिमी, घोरणं आणि दिवसाची पेंग कमी होईपर्यंत. एका फेऱ्यात किती सरकतं हे मॉडेलनुसार बदलतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कानापुढचा सांधा दिवसभर दुखत राहिला तर एक पायरी मागे या. घाईने पुढे ओढलं की दुखतं, आणि मग उपकरण कपाटात जातं. पहिल्या दिवसांत लाळ सुटणं, सकाळी दाढा न जुळणं चालतं. उठल्यावर दाढा हळू चावून जबडा जागेवर आणायचा व्यायाम रोज करायचा. दुपारपर्यंत दाढा जुळत नसतील तर दाखवा.

घोरणं थांबलं म्हणजे काम झालं असं अजिबात मानू नका. आवाज जातो आणि ऑक्सिजन तरीही खाली येत राहतो, असं होतं. उपकरण तोंडात ठेवूनच पुन्हा टेस्ट करा, त्या रात्री दारू नको. आकडा 10 च्या वर राहिला तर पुन्हा सीपॅपचा विचार करा. पावसाच्या दमट हवेत बऱ्याच जणांना त्याचा गरम ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) लागत नाही. तो बंद केला की विजेचा खप बराच उतरतो आणि इन्व्हर्टरवर मशीन चालवणं शक्य होतं. वीज असेल तेव्हा सीपॅप, नसेल तेव्हा उपकरण, असंही चालतं.

आणि टेम्पो: पुन्हा केलेली टेस्ट ठीक येईपर्यंत पहाटेच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर ठेवा. घाटात क्षणभराची डुलकीही जीव घेऊ शकते.

दंतवैद्य_रत्नागिरी
उपकरण गार पाण्यात मऊ ब्रशने धुवा, टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. डबीत घालण्याआधी पूर्ण वाळवा, पावसाळ्यात ओलं राहिलं तर बुरशी धरते. टेम्पोच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका, उन्हात वाकतं.