बायडेन २०२०: फेब्रुवारीत संपला, मार्चमध्ये अजिंक्य. मिडियाने नक्की काय पाहिलं?

तिरकस_तात्या
लोकहो, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, टाकूनच देतो. २०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी आठवा, म्हणजे अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होतं ते मतदान. २०१९ मध्ये जवळजवळ वर्षभर देशपातळीवरच्या पोलमध्ये बायडेन पुढे, मध्येच ऑक्टोबरात थोडे दिवस दुसऱ्या उमेदवार वॉरनबाई बरोबरीला आल्या तेवढंच. मग ३ फेब्रुवारीला आयोवा, तिथे चौथा. ११ ला न्यू हॅम्पशायर, तिथे पाचवा, मतं जेमतेम ८ टक्के. झालं, चॅनेलवाल्यांनी तिरडी बांधायला घेतली. जे वर्षभर त्याला फ्रंटरनर फ्रंटरनर म्हणत होते तेच सांगायला लागले की अहो तो पुढे होताच कुठे, नुसतं नाव ओळखीचं होतं म्हणून पोलमध्ये दिसत होता. आणि २९ तारखेला साउथ कॅरोलायनात गड्याने ४८ टक्क्यांच्या वर मतं घेतली, प्रतिस्पर्धी सँडर्स २० च्या आत, ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे एकदम बऱ्याच राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं खिशात, की लगेच चमत्कार, पुनर्जन्म, काय न् काय.

माझं म्हणणं, चमत्कार बिमत्कार काही नव्हता. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी. बायडेनचा हक्काचा मतदार म्हणजे ब्लॅक मतदार, त्यातही वयस्कर, तो त्या दोन राज्यांत औषधालाही नाही. साउथ कॅरोलायनाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तोच निम्म्याहून जास्त. आणि पहिल्या दोन राज्यांचे मिळून डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, किती होते? ४१ आणि २४, म्हणजे ६५. एकूण निवडून द्यायचे होते ३९७९. दोन टक्केसुद्धा नाहीत हो! तेवढ्यावर माणसाला फ्रंटरनरपदावरून उतरवायचं आणि महिन्याभरात परत चढवायचं, याला बातमी म्हणायचं का मालिका?

आकडेमोड
तात्या, निकाल माहीत असताना हे सगळं सोपं वाटतं. ११ फेब्रुवारीच्या रात्री रिपोर्टरने काय लिहायचं होतं ते सांगा ना. पहिल्या दोन्ही राज्यांत चौथा-पाचवा येऊन उमेदवारी मिळवलेला माणूस तोवर झालाच नव्हता. बायडेनकडे पैसा संपत आला होता. देशपातळीवर सँडर्स पुढे गेला होता. आणि तुम्ही ज्याला हक्काचा मतदार म्हणताय त्याच्यातलाही पाठिंबा त्या आठवड्यांत घसरत होता, काहीजण चक्क अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्गकडे बघायला लागले होते, साउथ कॅरोलायनाच्या पोलमध्येही आघाडी आक्रसत चालली होती. हे सगळं पत्रकारांनी घरी बसून रचलं नव्हतं. हा माणूस अडचणीत आहे असं लिहिलं, आणि तो होताच अडचणीत!

लाल_मिरची
तुम्ही दोघं बायडेनवरच अडकलात. मिडियाने खरा कुणाचा खेळ केला असेल तर सँडर्सचा. आयोवात मतं सगळ्यात जास्त त्याला, न्यू हॅम्पशायर जिंकलं, नेवाडात तर ४६ टक्के आणि दुसऱ्या नंबरचा बायडेन २० वर. हाच माणूस फ्रंटरनर होता ना त्या आठवड्यात? मग बातम्या काय होत्या? तर याला थांबवणार कोण. नेवाडाच्या रात्री एमएसएनबीसीवर ख्रिस मॅथ्यूज नावाच्या जुन्याजाणत्या अँकरने त्याच्या विजयाची तुलना १९४० मध्ये नाझींनी फ्रान्स पाडला त्याच्याशी केली. सँडर्स ज्यू, त्याचे नातेवाईक होलोकॉस्टमध्ये मारले गेलेले. दोन दिवसांनी माफी मागितली म्हणा त्याने, पण तोंडून आपसूक तेच निघालं ना. दुसरा कुणी पहिल्या तीन राज्यांत एवढी मतं घेतो तर त्याच्या आरत्या ओवाळल्या असत्या.

एडिसनकर
लाल मिरचीशी अर्धा सहमत. मी न्यू जर्सीत असतो, आमच्या एडिसनात मराठी माणूस काय कमी नाही, नागरिकत्व घेतलं की पहिला उत्साह मतदानाचाच असतो. २०१६ ला आमची प्रायमरी ७ जूनला होती, कॅलिफोर्नियाचीही त्याच दिवशी. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने जाहीर करून टाकलं की हिलरीबाईंनी आकडा गाठला, उमेदवार त्याच! कसा गाठला? तर सुपरडेलिगेटांना फोन करकरून. म्हणजे लोकांनी निवडलेले नव्हेत, पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी असले लोक, अधिवेशनात कुणाला मत देणार ते विचारलं आणि बेरीज केली. बायको म्हणाली मग उद्या जायचं कशाला, लायब्ररीचं पुस्तक द्यायचंय तेवढं देऊन येऊ.

गेलो म्हणा. पण तो तक्ता वर्षभर तसाच दाखवत होते. न्यू हॅम्पशायरात सँडर्सने ६० विरुद्ध ३८ ने धुतलं हिलरीबाईंना, तरी टीव्हीवर खालच्या पट्टीत एकूण डेलिगेट बघावेत तर बाई काही शेकड्यांनी पुढे! कारण मतदान सुरू व्हायच्या आधीच साडेतीनशेच्या आसपास सुपरडेलिगेट त्यांच्या खात्यात मांडून ठेवलेले. आपला साधा माणूस पट्टी बघून म्हणणार, संपलंय हो. पुढे पक्षाने २०१८ ला नियमच बदलला, पहिल्या फेरीत चुरस असेल तर सुपरडेलिगेटांना मत नाही.

आकडेमोड
@एडिसनकर पट्टी चुकीची होती, मान्य. पण सुपरडेलिगेट वगळूनही हिलरीबाई पुढेच होत्या, एकूण मतांतही तीसेक लाखांनी पुढे. पट्टीमुळे सँडर्स हरला असं म्हणायला काही आधार नाही.

एडिसनकर
हरला असं कुठे म्हणालो मी? माझं मत मोजायच्या आधीच निकाल लावू नका, एवढंच.

सातारी_कंदी
मला एक बेसिक प्रश्न, ते आयोवात लोक कोपऱ्यात उभे राहतात म्हणे मतदानाला, खरंय का ते? हसू नका

एडिसनकर
हसण्यासारखंच होतं, हसा खुशाल. डेमोक्रॅटांकडे २०२० पर्यंत असंच चालायचं. शाळेच्या जिममध्ये नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी जमायचं, आपल्या उमेदवाराच्या पाटीपाशी जाऊन उभं राहायचं, डोकी मोजायची. बऱ्याच ठिकाणी हजर लोकांच्या १५ टक्के डोकी नाही भरली की तो गट बाद, मग बाकीचे ओढायला यायचे, या या आमच्याकडे या, शेजारीपाजारीच असायचे सगळे. मग परत मोजणी. रात्रपाळीवाला, लेकुरवाळी, आजारी माणूस गेला उडत. आणि २०२० ला तर निकाल कळवायचं ॲपच बोंबललं, फोन लायनी जाम, त्या रात्री निकालच नाही! बुटिजिज नावाच्या उमेदवाराने तरी स्टेजवर येऊन विजयाचं भाषण ठोकून दिलं. डेलिगेटांच्या हिशोबात तो केसभर पुढे निघाला शेवटी, पण तोवर दिवस गेले होते.

तिरकस_तात्या
आणि याच आयोवाच्या जोरावर म्हणे बायडेन संपला 😄

आता आकडेमोडरावांना उत्तर. रिपोर्टरने काय लिहायचं होतं? बायडेनच्या लोकांनी काय केलं ते बघा. न्यू हॅम्पशायरचा निकाल यायच्या आधीच तो विमानात बसून साउथ कॅरोलायनाला गेला आणि तिथे सांगितलं की बाबांनो, देशातल्या ९९.९ टक्के ब्लॅक मतदारांनी अजून मतच दिलेलं नाही. मग लिहा ना तसं, की दोन टक्के डेलिगेट वाटून झालेत, ज्याचा पाया जिथे आहे तिथे अजून पेटीच उघडली नाही. पहिल्या दोन ओव्हर बघून मॅचचा निकाल सांगणारा समालोचक तुम्ही चालवून घ्याल का?

दुसरं, मोजायचं कशाशी हेही हेच लोक ठरवतात. १९६८ ला न्यू हॅम्पशायरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जिंकला होता, जिंकला! ४९ विरुद्ध ४२, तेही मतपत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने लिहून दिलेलं. पण राष्ट्राध्यक्षाला एवढीच? म्हणून तो पराभव ठरला, ३१ मार्चला त्याने माघार घेतली. १९७२ ला मस्की ४६ टक्क्यांनी जिंकला, पण शेजारच्या मेन राज्याचा ना तो, मग पन्नाशी गाठायला हवी होती म्हणे. ३७ वाला मॅकगव्हर्न हिरो. उलट १९९२ ला क्लिंटन दुसरा आला, २५ टक्के, आणि स्वतःच जाहीर केलं की मी कमबॅक किड. जिंकलेला साँगस गेला वाऱ्यावर. हरलेला जिंकतो, जिंकलेला हरतो, आणि मतदार बसतो डोकं खाजवत.

आकडेमोड
जॉन्सनचं उदाहरण चुकीचं घेतलंत. व्हिएतनामचं युद्ध, त्यातला टेट हल्ला, आणि चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरला, हे सगळं सोडून माघारीचं खापर वर्तमानपत्रांच्या मथळ्यावर? विद्यमान राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच पक्षातली इतकी मतं विरोधात पडतात ही बातमीच आहे, आकडा ४९ असो नाहीतर ५५.

लोक हॉवर्ड डीन या उमेदवाराचंही असंच सांगतात. २००४ ला आयोवाच्या रात्री भाषणात मारलेल्या किंकाळीने त्याला संपवलं, मिडियाने ती क्लिप शेकडो वेळा वाजवली. वाजवली हे खरं, आणि हातातल्या माइकने गर्दीचा आवाज गाळून टाकल्यामुळे तो एकटाच वेड्यासारखा ओरडतोय असं वाटलं हेही खरं. पण किंकाळी मतमोजणीनंतरची आहे! आयोवात तो आधीच १८ टक्क्यांवर तिसरा आला होता, केरी ३८ वर.

आणि तात्या, तुमच्याच मांडणीत एक मोठं भोक आहे. बायडेन चौथा आला तेव्हा मिडिया खोटा, पहिला आला तेव्हा मतदार शहाणा, असं कसं? साउथ कॅरोलायना ते सुपर ट्यूजडे मध्ये तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत प्रत्येक चॅनेलवर फक्त बायडेन, १ मार्चला बुटिजिज बाहेर, २ ला क्लोबुशार बाहेर आणि दोघं त्याच्या पाठीशी. शेवटच्या दिवसांत मन बनवलेले मतदार मोठ्या प्रमाणात त्याच्याकडे गेले. मॅसेच्युसेट्समध्ये त्याने धड प्रचारही केला नव्हता, ते वॉरनबाईंचं घरचं राज्य, तिथे हा पहिला आणि त्या तिसऱ्या! ब्लूमबर्गने पन्नास कोटी डॉलरच्या आसपास जाहिरातींवर उडवून हाती काय लागलं, तर अमेरिकन सामोआ ही इवलीशी बेटं. फुकटची हवा नसती तर हे झालं असतं?

लाल_मिरची
अगदी!! हेच म्हणत होते मी. हवा कुणासाठी फुकट असते ते बघा फक्त

झणझणीत_वाटाणा
आपल्याकडे हा त्रासच नाही. आपली प्रायमरी एबी फॉर्मच्या पाकिटात असते, अर्ज भरायला अर्धा तास राहिला की कळतं कोण जिंकलं. फ्रंटरनर तोवर गुलाल आणून बसलेला असतो बिचारा.

सातारी_कंदी
@वाटाणा 😂😂 आणि संध्याकाळी बंडखोरी

अटलांटावाली
मला क्लायबर्नबद्दल कुणीच काही बोलत नाही याचं आश्चर्य वाटतंय. मी शेजारच्या जॉर्जियात राहते. जिम क्लायबर्न म्हणजे साउथ कॅरोलायनाचे खासदार, तिथल्या ब्लॅक राजकारणातलं सगळ्यात वजनदार माणूस. २६ फेब्रुवारीला, मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांनी बायडेनला पाठिंबा दिला. एक्झिट पोलमध्ये निम्म्याच्या आसपास मतदारांनी सांगितलं की त्या पाठिंब्याला आम्ही महत्त्व दिलं. चॅनेलवाले तेव्हा कुठे होते? नेवाडातच रेंगाळत होते. माझ्या ओळखीतल्या इथल्या वयस्कर बायका टीव्हीवरच्या चर्चा ऐकून मत ठरवत नाहीत, चर्चमध्ये कोण काय म्हणालं ते ऐकतात, आणि त्यांचा हिशोब सरळ असतो की ट्रम्पला हरवू शकेल असा, गोरे लोकही ज्याला मत देतील असा कोण. तात्या म्हणतात मिडियाने पाडला, आकडेमोड म्हणतात मिडियाने चढवला, अहो मतदार नावाचा प्राणी पण आहे.

आकडेमोड
@अटलांटावाली साउथ कॅरोलायनापुरतं शंभर टक्के मान्य. पण मिनेसोटा? मेन? तिथे कुठले क्लायबर्न? पाठिंबा एका राज्याचा, लाट दहा राज्यांची. मध्ये वाहक लागतोच.

तिरकस_तात्या
मिनेसोटात क्लोबुशारबाई होत्या ना, त्यांचंच राज्य. वाहक काय, ड्रायव्हरच!

बरं, रिपब्लिकनांकडेही हेच. नोव्हेंबर २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीनंतर फ्लोरिडाचा गव्हर्नर डिसॅन्टिस म्हणजे भविष्य, न्यूयॉर्क पोस्टने पहिल्या पानावर त्याच्या नावावर कोटी करून तसं छापलंसुद्धा, ट्रम्प संपला. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात ट्रम्प ५१, डिसॅन्टिस २१, आठवड्याभरात माघार. तिसऱ्या आलेल्या निकी हेलीबाई त्याच रात्री म्हणाल्या आता ही दोघांची लढत आहे! आणि चॅनेलवाल्यांनी न्यू हॅम्पशायरपर्यंत तशी चालवलीही. कारण लढत नसेल तर टीव्ही बघणार कोण?

आकडेमोड
तिथे तर उलटं सिद्ध होतं. २०२३ च्या मध्यापासून जवळजवळ प्रत्येक पोलमध्ये ट्रम्प मैलभर पुढे होता आणि तसंच छापूनही येत होतं. डिसॅन्टिसची हवा मिडियाने भरली असेल, पण टिकली नाही, म्हणजे हवेची ताकद किती ते कळलं.

तिरकस_तात्या
दोन कॉमेंट आधी फुकटच्या हवेने मॅसेच्युसेट्स जिंकून दिलं होतं ना तुम्ही?

आकडेमोड
तीन दिवसांची हवा आणि सव्वा वर्षाची हवा यात फरक आहे. तीन दिवसांत तपासायला वेळच मिळत नाही कुणाला. सविस्तर लिहितो रात्री, आत्ता मीटिंग आहे.

अटलांटावाली
तोवर एवढंच सांगते, २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायना पहिलं ठेवलं, ३ फेब्रुवारीला. न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही, स्वतःच्या कायद्यावर बोट ठेवून जानेवारीतच प्रायमरी घेतली, बायडेनचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं तरी लोकांनी लिहून त्याला जिंकवलं.

एडिसनकर
आणि न्यू जर्सी परत जूनमध्येच. आमच्याकडे बघतंय कोण!