मदत हवी आहे: गोल्डनरॉड उंच वाढून आडवं पडतंय

नमस्कार मंडळी, गोल्डनरॉड म्हणजे बुकेमध्ये पिवळे तुरे घालतात ना तेच, ते कुणी बागेत जमिनीत लावलंय का? एकदा मुळं धरली की दरवर्षी आपोआप फुटतं, हलकी माती, कडक ऊन सगळं सोसतं आणि फुललं की मधमाश्या नुसत्या तुटून पडतात, त्यामुळे मला ते काढायचं अजिबात नाहीये.

पण यंदा काड्या माझ्या खांद्याच्या वर गेल्यात आणि तुरा जड झाला की जरा वाऱ्याने मधूनच वाकतायत. शेजारच्या भाजीच्या वाफ्यातलं शेणखत यालाही मिळतं, तर नायट्रोजन जास्त होत असेल का? शेंडे खुडले की झाड बुटकं राहून फुटवे वाढतात हे माहितीये, पण तुम्ही किती उंचीला खुडता, गुडघ्याएवढं झालं की? शिवाय खालच्या पानांवर पांढरी पावडर दिसतेय, बोटाने पुसली की जाते आणि परत येते, भुरीच असणार, गर्दी फार झालीये आत. गड्डा फोडून कडेचे कोवळे फुटवे वेगळे लावायचे म्हणते, फुलं संपल्यावर लगेच करू की नवीन फूट येताना?

आणि शिंका येतात म्हणून काढून टाका असं प्लीज सांगू नका, याचे परागकण जड, चिकट असतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत.

जमिनीखालून पसरू नये म्हणून कडेने पत्रा गाडलाय का कुणी? किती खोल?