रोजच्या 'रिफ्लेक्शन'ला मराठीत काय म्हणावं? ('आत्मपरीक्षण' सोडून)

गिरणाकाठची

बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव आणि ग्रामसंघाच्या पदाधिकारी बायांसाठी एक पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत आणतेय. विषय साधा आहे. चार माणसांना सोबत घेऊन चालणाऱ्या बाईनं दिवस संपताना थोडा वेळ बसायचं आणि स्वतःला विचारायचं: आज काय नीट झालं? कुठं अडलं? कोणाचं बोलणं मी मध्येच तोडलं? उद्या एक गोष्ट वेगळी काय करेन? मूळ पुस्तिकेत याला 'डेली रिफ्लेक्शन' म्हटलंय. मी सरळ 'रोजचं आत्मपरीक्षण' लिहिलं.

पाचोरा तालुक्यातल्या एका गटात ते वाचून दाखवलं. वाचून होत नाही तोच सचिव असलेली ताई म्हणाली, "म्हंजे आमनं काय चुकनं?" त्यानंतर प्रत्येकीनं आपापली चूकच सांगितली. कोणाचा हप्ता थकलेला, कोणाचं रजिस्टर अर्धवट, कोणी बैठकीला उशिरा येते. 'आज काय नीट झालं' या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकीनंही दिलं नाही. वास्तविक याच बायांनी एका आजारी बाईसाठी आदल्या दिवशी बैठक बोलावून अंतर्गत कर्ज मंजूर केलं होतं!

म्हणून शब्द हवाय. बोलण्यातला, आरोपाचा वास नसलेला आणि पानाच्या डोक्यावर छापता येईल असा.

अमळनेरकर

ताई, शब्दाचा दोष नाही. 'परीक्षण' म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. परि + ईक्ष्. त्यात पास-नापास आपण घातलं. हातातला नेमका शब्द लोकांना कळत नाही म्हणून टाकून द्यायचा, मग उद्या दुसरा टाकायचा, असं किती दिवस चालणार? आमच्या गावात 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्या गावातल्या माणसाला 'आत्म' लागला की शब्द जड होतो हे पटत नाही. साने गुरुजी इथल्या शाळेत 1924 पासून शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. मुलांना 'आत्म' म्हणजे काय हे आधी असं दिसलं, मग शब्दातून कळलं. बायांना शब्द समजावून सांगा, बदलू नका.

भुसावळचा

सर, मान राखून सांगतो, शब्दाची व्युत्पत्ती निर्दोष आहे, वापर नाही. 'आत्मपरीक्षण' हा शब्द तुम्ही शेवटचा कुठं ऐकला ते आठवून पाहा. निवडणूक हरली की 'पक्षाने आत्मपरीक्षण करावे'. निकाल घसरला की 'शाळेने आत्मपरीक्षण करावे'. नेहमी दुसऱ्यानं सांगायचं आणि नेहमी 'करावे'. "मी आज जेवण झाल्यावर आत्मपरीक्षण केलं" असं घरात कोणी म्हणतं का? नावात 'आत्म' आहे, पण बोलणारा कायम परका. त्या पाचोऱ्याच्या ताईंनी शब्द बरोबर ओळखला. त्यांना तो आला तसा कळला, शब्दकोशात आहे तसा नाही.

'आत्मचिंतन'ही गेलंच. पराभवानंतर होतं ते चिंतन शिबिर.

अध्यापिका जळगाव

भुसावळच्या दादांशी सहमत. आमच्याकडे बीएडच्या मुली पाठ घेऊन झाला की आपल्याच पाठाविषयी टिपण लिहितात. फॉर्मवर 'चिंतन' छापलंय. निम्म्या मुली तिथं 'मुलांनी शांतता राखली नाही' असं लिहून मोकळ्या होतात. स्वतःकडे नजर वळतच नाही. आणि गावाकडे चिंतन म्हटलं की नामचिंतन.

एक गोष्ट मात्र चर्चेत यायला हवी. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये यात दोन प्रकार वेगळे केले. काम झाल्यावर मागं वळून पाहणं हा एक, आणि काम चालू असतानाच 'हे जमत नाहीये, रीत बदलू' असं उमजणं हा दुसरा. गटाच्या बैठकीत दोन बायांचं वाजलं तर अध्यक्षबाईनं त्याच क्षणी ओळखायला हवं की मी एकीचीच बाजू ऐकतेय. रात्री ओळखून उपयोग अर्धाच. आपण इथं सुचवतोय ते सगळे शब्द रात्रीचे आहेत. दोन्हींना पुरेल असा शब्द हवा. मी 'विमर्श' सुचवते.

भुसावळचा

'विचारविमर्श' सोडून 'विमर्श' एकटा मराठीत फिरत नाही, मॅडम. हिंदीत फिरतो, तिथं अर्थ चर्चा.

मायमराठी धुळे

इतका खटाटोप कशाला? आपला जुना शब्द आहे ना, रोजनिशी! निशी म्हणजे रात्री. रोज रात्री बसून लिहायची ती रोजनिशी. ताईंना जे हवंय ते सगळं या एका शब्दात आहे, वेळेसकट. पण कृपा करून 'हिशेब', 'ताळेबंद', 'जमाखर्च' असलं काही सुचवू नका. मनाच्या गोष्टीला तरी दरबारी फारसी नको.

गल्ली नं. चार

भाऊ, 'रोजनिशी'च फारसी आहे. तुमच्या गावात राजवाडे संशोधन मंडळ असताना हे लिहावं लागतंय. रोज म्हणजे दिवस, आणि 'निशी' हे 'नविसी'चं झिजलेलं रूप, म्हणजे लिहिणं. फर्दनवीसाचा फडणीस झाला, चिटनवीसाचा चिटणीस, पारसीनवीसाचा पारसनीस, तसंच हे. पेशव्यांच्या रोजनिशीत रात्रीचा काही संबंध नाही, दिवसाच्या नोंदी आहेत. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश 1925 चा आहे, उघडून बघा. असे शब्द काढायला बसलो तर 'रोज'ही जाईल, 'हप्ता'ही जाईल आणि गटाच्या बायांची बैठकच बंद पडेल.

मायमराठी धुळे

उगम फारसी असेल, पण लोकांच्या मनात आज 'निशी' म्हणजे रात्रच आहे. ती समजूत सुंदर आहे आणि उपयोगाचीही. तुम्हीच म्हणता ना वापर मोठा? मग इथं व्युत्पत्ती का आडवी घालता?

गल्ली नं. चार

वापर मोठा हे भुसावळच्या भाऊंचं म्हणणं, माझं नाही. माझं म्हणणं एवढंच की चुकीचं कारण देऊन बरोबर शब्द सुचवू नये.

पांझराकाठ

मी साक्री तालुक्यातला. आमच्याकडे पांझरेवर फडाची पाणीवाटप पद्धत होती, काही गावांत अजून आहे. बंधारा, पाट, आणि खालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. शेतकऱ्यानं आपल्या हातानं बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं पाटाचं तोंड, फोडायचं नाही. पाणी सर्वांना पाटकऱ्याच्याच हातून.

माझे आजोबा पाटकरी होते. रात्री पाय धुऊन ओट्यावर बसले की मोठ्यानं म्हणायचे, "आज कोनं पानी ऱ्हायनं?" मग एकेक शेत बोटावर मोजायचे. अमक्याचं झालं, तमक्याचं झालं, विहिरीकडच्या कोपऱ्यात पोचलं नाही. शेवटी कधी कधी, "त्याले मी आज वाईट बोलनू." सकाळी पाटावर जायच्या आधी त्या माणसाच्या दारी जायचे. आजीला, आम्हाला, शेजारच्यांना, सगळ्यांना ते ऐकू यायचं. आजोबांना शिक्षण नव्हतं आणि त्यांनी याला कधी नाव दिलं नाही.

ताई, तुमचे चारही प्रश्न त्यात आले. मला वाटतं पानाच्या डोक्यावर नाव नकोच, प्रश्नच छापा. 'आज कोणाचं पाणी राहिलं?' आमच्या भागातल्या बाईला यापेक्षा जास्त समजवावं लागणार नाही.

गिरणाकाठची

दादा, हे वाचून थांबलेच. गटातही तेच आहे, कोणाला कर्ज मिळायचं राहिलं, कोणाला बोलायचं राहिलं. पण पुस्तिका नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत जाणार. सातपुड्याच्या पायथ्याला फड ठाऊक नाही. आणि छापणाऱ्यांना शीर्षक लागतंच.

वाघूर

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळं मला हाच शब्द सुचणार. ताळा.

जुन्या शाळेत गणित सोडवलं की गुरुजी विचारायचे, "ताळा पाहिला का?" नव्या मुलांसाठी सांगते. 47 गुणिले 6, उत्तर 282. आता 4 + 7 = 11, आणि 1 + 1 = 2. दोनाला सहानं गुणलं, 12, म्हणजे 3. उत्तराचे आकडे 2 + 8 + 2 = 12, म्हणजे 3. दोन्हीकडे तीन आले, ताळा जुळला. नाही जुळला तर पाटी पुसून पुन्हा. कोणी रागवत नाही, कारण गुरुजींनी वही बघायच्या आधीच मुलानं स्वतः पाहिलेलं असतं. ताळा ज्याचा त्यानं करायचा. त्यात लाज नाही, शिक्षा नाही, आणि चुकलं तर सुधारायला वेळ आहे. बचत गटाच्या बाया दर आठवड्याला पैसे मोजून वहीशी जुळवतात, त्यांना ही कृती हातात बसलेली आहे.

'आजचा ताळा'. बघा कसं वाटतं.

अध्यापिका जळगाव

फार छान, वाघूरताई! आणि काम चालू असतानाही ताळा पाहता येतो. माझी अडचण सुटली.

अमळनेरकर

शब्द गोड आहे, पण याच गणितात त्याची मर्यादाही आहे. विद्यार्थ्यानं 282 ऐवजी 228 लिहिलं तरी 2 + 2 + 8 = 12, म्हणजे 3. ताळा जुळतो, उत्तर चूक! आकड्यांची अदलाबदल ताळ्यात पकडली जात नाही. माणसाचंही तसंच होतं. सगळी कामं केलेली असतात, फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. रात्री मोजायला बसलं की सगळं जुळतं. चार माणसं सांभाळणाऱ्यानं एकट्यानं ताळा पाहून समाधान मानू नये, एवढ्यासाठी मला 'परीक्षण' हवं होतं. परि, म्हणजे चहूबाजूंनी. दुसऱ्याच्या बाजूनंही.

पांझराकाठच्या भाऊंचे आजोबा मोठ्यानं मोजायचे, हे मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. घर ऐकत होतं.

वाघूर

सर, हे अगदी मान्य. बँकेतही एकानं जुळवलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय दिवस बंद होत नसे.

केळीबाग रावेर

आमच्याकडं ळ चा य होतो. डाळीची डाय, सकाळची सकाय. तर ताळ्याचा 'ताया' होईल. त्यानं काही बिघडत नाही. पण नंदुरबारकडे, आणि आमच्याही बऱ्याच घरांत, कुलपाला 'ताला' म्हणतात. छापलेलं 'आजचा ताळा' कोणी 'आजचं कुलूप' असं वाचेल का, ते दोन-चार गटांत वाचून बघा. इथं बसून ठरवू नका.

नवी पेठ

आमच्या जैन घरांत यासाठी शब्दही आहे आणि वेळही. प्रतिक्रमण. सकाळचं राई, संध्याकाळचं देवसी, मग पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक. अर्थच 'मागे परतणं'. ज्या मर्यादेबाहेर पाऊल पडलं तिथून परत आत येणं. रोजचं साचू नये म्हणून रोज करायचं, हे मला लहानपणापासून शिकवलं गेलं आणि कामाच्या ठिकाणी त्याचा खरा उपयोग झाला. हाताखालच्या माणसावर आवाज चढला तर तो दिवस मावळण्याआधी त्याच्याशी बोलून घेते. पुस्तिकेला हा शब्द घ्या असं म्हणत नाही, तो धर्माचा आहे, तिथंच शोभतो. पण रोज करण्यामागचं कारण पुस्तिकेत जरूर लिहा.

गिरणाकाठची

लिहिते, ताई. 'साचू नये म्हणून रोज' हे वाक्य तसंच घेऊ का?

सध्या शीर्षक 'आजचा ताळा', खाली पहिला प्रश्न 'आज काय जुळलं?', आणि पाटकरीबाबांचा प्रश्न साक्री-धुळ्याच्या प्रतींत. शेवटी एक ओळ वाढवतेय: 'हे कोणाला वाचून दाखवशील?' रावेरच्या दादांनी सांगितलं तसं गटांत वाचून मग पक्कं करीन. आता उपशीर्षक. 'सक्षम नेतृत्वासाठी' लिहिलंय.

भुसावळचा

'नेतृत्व' काढा. फ्लेक्सवरचा शब्द आहे.

मायमराठी धुळे

'पुढारपण' घ्या. अस्सल मराठी, उगमाविषयी वादच नाही.

पांझराकाठ

'पुढारी' म्हटलं की गावात वेगळाच माणूस डोळ्यांपुढं येतो, भाऊ. 'पुढाकार' मात्र अजून स्वच्छ आहे. दोन्ही 'पुढे'वरूनच आले, एक मळला, एक राहिला.

केळीबाग रावेर

'कारभारीण' का नको? कारभार पाहणारी ती कारभारीण. घरचा शब्द आहे.

वाघूर

नको, दादा. कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची बायको, हाच अर्थ आधी येतो. बाईनं स्वतः कारभार केला तरी शब्द तिला नवऱ्यावरूनच ओळखतो. या बायांना तेच तर नकोय.

केळीबाग रावेर

वापरून वापरून अर्थ बदलतो, ताई. पाटलीण, मास्तरीण यांचंही तसंच होतं. मास्तरीण आता स्वतः शिकवणारी.

वाघूर

मास्तरणीचा अर्थ बदलला कारण बाया शाळेत नोकरीला लागल्या. पाटलीण अजूनही पाटलाचीच बायको आहे.

गल्ली नं. चार

मग 'सरपंच'चं काय? 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायांना आहेत, तरी स्त्रीलिंगी रूप रुळलं नाही. काही गावांत 'सरपंचीण' ऐकलंय, पण तेही सरपंचाच्या बायकोला. निवडून आलेल्या बाईला तुमच्या गावात काय म्हणतात, 'सरपंचताई', 'सरपंचबाई' की नुसतं 'सरपंच'? गाव-तालुका लिहून सांगा. यासाठी वेगळा धागा काढतो.