पुस्तकं + इंटरनेट रेडिओ अशा छोट्या ऑफिसात नोकरी, कोणाला अनुभव?

अर्धा_कप:
नमस्कार मंडळी. सध्या एका मोठ्या आयटी कंपनीत कंटेंट लिहिते आणि कंटाळा आलाय. पुण्यात पाच माणसांचं एक ऑफिस आहे, मराठी पुस्तकं काढतात आणि स्वतःचा इंटरनेट रेडिओपण चालवतात, त्यांनी संपादन सहाय्यक म्हणून बोलावलंय, पगार आत्तापेक्षा जवळजवळ निम्मा. इंटरव्ह्यूला गेले तर बाई बोलता बोलता पार्सलला चिकटपट्टी लावत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, जरा तो पंखा बंद कर गं, आत रेकॉर्डिंग चाललंय. मला ते आवडलं पण आई म्हणते हौसेची कामं रिटायर झाल्यावर कर. रोज नक्की काय काम असतं अशा ठिकाणी?

फर्मा_सोळा:
सात वर्षं अशाच ठिकाणी आहे (तुमचं ते ऑफिस नाही, आम्ही चारच जण). पद वगैरे विसरा. माझ्या कार्डावर 'निर्माता' छापलंय आणि काल सकाळी मी ४० पार्सलं बांधून पोस्टात नेली. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, म्हणजे पुस्तकांसाठीची टपालखात्याची स्वस्त सेवा, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, त्यामुळे जीवात जीव आला, मधे बुक पोस्ट बंद होतं तेव्हा टपालखर्च ऐकून गिऱ्हाईक फोनच ठेवायचं. दिवाळी अंक मात्र त्यात घेत नाहीत, नियतकालिक चालत नाही म्हणे, काउंटरवर भांडून झालंय. शिवाय प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली अशी चार ग्रंथालयांना फुकट पाठवावी लागते, १९५४ चा कायदा आहे, तेही तुमच्याच गळ्यात पडणार.

स्टुडिओ म्हणजे आतली खोली. भिंतीला गोधड्या, दार लावलं की पंखा बंद, मे महिन्यात २० मिनिटांच्या वर कोणी टिकत नाही. वरच्या काकूंचा कुकर साडेअकराला लागतो, तीन शिट्ट्या, म्हणून आमचा चहा अकरा पंचवीसला. वाचताना वेगळाच घोळ, आपल्याकडे च ज झ लिहायचे एकच आणि बोलायचे दोन तऱ्हेचे. एका कवितेत 'जरा' होतं, वाचणाऱ्याने 'जरा सरक'मधला जरा म्हटला, कवीला म्हातारपण म्हणायचं होतं, झालं, कवीचा फोन. तेव्हापासून स्क्रिप्टवर पेन्सिलीने खाली टिंब देतो, टिंब असेल तर जहाजातला ज, नसेल तर जीवनातला.

आणि दोन धंदे एका छताखाली कशाला असं मलाही आधी वाटायचं. तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी ५०० प्रती छापून आली, मग रेडिओसाठी वाचायला घेतली तर पान ११२ वर वाचणारी थांबली, म्हणाली अहो हे मी आत्ताच वाचलं ना? अख्खा परिच्छेद दोनदा. तिघांनी प्रुफं तपासली होती, लेखकानेसुद्धा! श्रीलिपीतून (जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं एकूणएक पकडलं आणि हे कोणाला दिसलं नाही. मग ५०० चिठ्ठ्या छापून एकेका पुस्तकात सरकवत बसलो दोन दिवस. आता आधी रेकॉर्डिंग, मग छपाई. वाचणारा जिथे अडखळेल तिथे लाल खूण करायची, दहातली सात वेळा वाक्यच वाकडं निघतं. तुमचं खरं काम हेच असेल बहुतेक.

माळावरचा_टॉवर:
आमचा संस्थेचा सामुदायिक रेडिओ, एफएमवाला. तुम्हाला अमेरिकेतनं पण ऐकतात, आमचं १०० वॉट, १०-१५ किलोमीटर, मधे डोंगर आला की खरखर. स्वतःच्या बातम्या लावायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या. सरकारी जाहिरातीला १० सेकंदांचे ७४ रुपये, २०२४ च्या आधी ५२ होते, त्यात बसवा पगार. पण ऐकणारा रस्त्यात भेटतो. एकदा कांद्याचे भाव चुकून आदल्या दिवशीचे वाचले, दुपारी एक मामा रिकामी पिशवी घेऊन थेट स्टुडिओच्या दारात, कोण बोललं ते म्हणून.

अर्धा_कप:
भारी आहे हे 😄 पण यांच्या रेडिओवर गाणी फारशी ऐकू आली नाहीत, असं का?

फर्मा_सोळा:
परवडत नाहीत. एफएमला कॉपीराइट कायद्याच्या ३१ डी कलमाखाली ठरलेली रॉयल्टी भरून लावता येतात, इंटरनेटला ते कलम लागू नाही असा मुंबई हायकोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, म्हणजे एकेका म्युझिक कंपनीच्या दारात जा. आम्ही गावात जाऊन ओव्या, भारुडं रेकॉर्ड करतो, गाणाऱ्या बाईंना मानधन आणि त्यांच्या सहीचा कागद. कागद विसरू नका, आम्ही एकदा विसरलो आणि परत १३० किलोमीटर एसटीने.

परतीच्या_प्रती:
सगळे गोड गोड सांगताहेत म्हणून लिहितो. मी दीड वर्षात सोडलं. विक्रेता ४० टक्के कमिशन घेणार, पैसे सहा महिन्यांनी देणार आणि वर्षाने कोपरे दुमडलेल्या प्रती परत पाठवणार. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, छान, पण म्हणूनच कागदावर भरलेला परत मिळत नाही. हे सगळं शेवटी पगाराच्या तारखेवर येतं. पगार किती ते विचारू नका, गेल्या वर्षी कितव्या तारखेला झाले ते विचारा.

अर्धा_कप:
अपडेट. आज परत गेले आणि सरळ विचारलं. बाईंनी रजिस्टरच पुढे ठेवलं, बरेचसे १० च्या आत, दोन महिने १९ ला आणि मार्चचा २७ ला. लपवलं नाही ते बरं वाटलं. मग म्हणाल्या बसलीच आहेस तर ही चार पानं मोठ्याने वाच. तिसऱ्याच ओळीला अडखळले तर लाल पेन हातात! माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, थांबतो म्हणाल्या.

फर्मा_सोळा:
अभिनंदन. वरच्या मजल्यावर कुकर किती वाजता लागतो ते विचारलंत का?