मदत हवी आहे: नागपूर ते रत्नागिरी, गाडी फेरीबोटीवर चढवत, ७४ वर्षांच्या बाबांसोबत

नमस्कार मंडळी,

संक्रांत झाली की आई-बाबांना घेऊन कोकणात जायचं ठरवतेय. गाडीत चौघं: आई, बाबा, नवरा आणि मी. आम्ही दोघं आलटून पालटून चालवू. दहा दिवसांची सुट्टी आहे. नाताळात मुद्दाम जात नाहीये, कारण त्या आठवड्यात फेरीबोटीला गाड्यांची लांब रांग लागते असं ऐकलंय.

सगळ्याचं मूळ बाबांच्या एका गोष्टीत आहे. ते पवनीकडचे. लहानपणी वैनगंगा पार करायला डोंगा असायचा. दोन डोंगे एकत्र बांधून त्यावर बैलबंडी चढवायचे आणि बैल बाजूने पोहत यायचे. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे. मागच्या महिन्यात त्यांना दाभोळच्या फेरीबोटीचा व्हिडिओ दाखवला. त्यात कार, रिक्षा, म्हशी नेणारा टेम्पो, सगळं एकाच बोटीवर. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बंडीसारखीच मोटार जाऊन राहिली की!" तेव्हापासून मला त्यांना पुढच्या सीटवर बसवून खाडी पार करायची आहे. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही मुंबईला एका लग्नाच्या धावपळीत.

सध्याचा बेत असा आहे. समृद्धी महामार्गाने शिर्डी, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा, मग अलिबाग. पुढे मुरुडजवळच्या आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड, अशा चार छोट्या फेऱ्या घेत गणपतीपुळे आणि रत्नागिरी. परत येताना आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ.

अडचणी दोन. एक म्हणजे बाबांचे गुडघे. जिने जमत नाहीत आणि दर दोन तासांनी गाडीतून उतरून थोडं चालावं लागतं. दुसरी म्हणजे आमची गाडी सेडान आहे, गतिरोधकावरसुद्धा खालून घासते. धक्क्याच्या उतारावरून बोटीच्या फळीवर ती चढेल का? मी गाडी बोटीवर कधीच चढवलेली नाही, आणि खरं सांगायचं तर या एकाच गोष्टीची मला धास्ती आहे.

---

खाडीकाठचा:

ताई, मी गुहागरचा. दाभोळ-धोपावे महिन्यातून दोनदा तरी करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, मुंबई वगळा. मांडव्याच्या रो-रोत गाडी खालच्या डेकवर लावून माणसांना वर बसायला जावं लागतं. तुमच्या बाबांना नेमकं तेच नकोय. छोट्या फेरीबोटीत गाडीशेजारी उभं राहता येतं, नाहीतर काच खाली करून आत बसूनही पाणी दिसतं. शिर्डीहून पुण्याला या, तिथे एक रात्र थांबा आणि ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर गाठा. आगरदांड्याची फेरी चुकेल, पण तीन उरतात आणि दोन दिवसांची दगदग वाचते. हरिहरेश्वरला बाबांना प्रदक्षिणेच्या वाटेवर मात्र नेऊ नका. कड्यातून पायऱ्या उतरून खडकांवरून जावं लागतं, तेही ओहोटीलाच. देवळात दर्शन घेऊन समोर बसू द्या.

आता सेडानचं. घासायची भीती असते ती पूर्ण ओहोटीला, कारण पाणी खाली गेलं की उतार जास्त तिरका लागतो आणि खालच्या टोकाला शेवाळ असतं. म्हणून तिथी बघून निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. दाभोळ आणि जयगड त्या दोन-तीन दिवसांत बसवा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हेही ध्यानात असू दे.

चढताना मागची माणसं उतरवा, गाडी हलकी होते. बाबांना उतरवू नका, ओल्या उतारावर चालण्यापेक्षा ते आत बरे. पहिला गिअर, क्लच अर्धा सोडून हळू, आणि बोटीवरचा माणूस हात करेल तिकडेच बघा. कधी तो रिव्हर्सने घ्यायला सांगतो, तेव्हाही घाई करायची नाही. गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. एकदा केलंत की दुसऱ्या खाडीला काही वाटणार नाही.

आणि काही कारणाने जयगडची फेरी बंद असली तर अडून राहू नका, राई-भातगावच्या पुलावरून रत्नागिरीकडे जाता येतं. वेळ असेल तर जयगडहून पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तिथे पायऱ्यांचा त्रास नाही.

---

वर्धारोड:

मी दोनदा समृद्धीने शिर्डीला गेलोय. ५२० किलोमीटर सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, आणि तोच धोका. काँक्रीटवर सतत वेगात टायर तापतात, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि जुना टायर असेल तर फुटतो. निघायच्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. टायरला भेगा दिसत असतील तर बदलूनच निघा, यात काटकसर नको. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धीवर चढायच्या आधी टाकी भरा. दर दोन तासांनी थांबायचं आहेच, तर तेव्हाच चालकही बदला. सरळ रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही.

परतीच्या वाटेबद्दल एक सुचवतो. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि नांदेड-यवतमाळच्या मधे थोडं आत माहूरची रेणुका, साडेतीन पीठांपैकी तीन तुमच्या वाटेवर आहेत. आईंना विचारून बघा. माहूरला पायऱ्या बऱ्याच आहेत, बाबांना खाली बसावं लागेल. कोल्हापूर, तुळजापूर, नांदेड असे तीन मुक्काम केलेत तर एकही दिवस फार लांबणार नाही.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. मुंबई वगळली. बाबा खूश आहेत, कारण पुण्याला मावशीचं घर लागतं. भांगाचं वाचून दाखवलं तर आईने लगेच पंचांग काढलं आणि सप्तमीला दाभोळ, नवमीला जयगड असं बसवलं. तीन देवींचं ऐकल्यावर तर तिने ओटीच्या खणांची यादी करायला घेतली आहे. माहूरला ती आणि मी वर जाऊ, नवरा बाबांजवळ थांबेल.

टायर या रविवारी दाखवून आणते. पुढचे दोन जुने आहेत, ते बदलणारच.

आता एकच विचारायचं राहिलं. दाभोळ पार केल्यावर दोन रात्री गुहागरात थांबू म्हणते. तळमजल्यावर खोली, कमोड आणि चालत किनाऱ्यावर जाता येईल अशी एखादी घरगुती सोय गुहागरात मिळते का? वाळूपर्यंतची वाट सपाट असली म्हणजे झालं, बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतील.