दिंडोरी–पेठ पट्ट्यातली मॅग्नेटिक रेघ : खोल भ्रंश की डाईक?

गोदाकाठ: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी दिंडोरीकडून पेठच्या बाजूला मॅग्नेटोमीटरची रेषा मारली, म्हणजे एका रेषेत चालत चुंबकीय क्षेत्र मोजलं. एके ठिकाणी रीडिंग एकदम उसळतं आणि शंभरेक मीटरांत जागेवर येतं. शेजारच्या दोन रेषांवरही तसंच. बसाल्टखालचा खोल भ्रंश (खडक तुटून सरकलेली भेग) म्हणू का? ग्रॅव्हिटी (गुरुत्वाची मोजणी) अजून घ्यायची आहे.

कातळमाप: इतक्यात नको म्हणूस. शंभर मीटरांत उसळून बसणारी गोष्ट उथळच असते, खोलातली खूण पसरट येते. द्राक्षबागेच्या तारा आणि लोखंडी अँगल जवळ नव्हते ना, ते आधी वहीत बघ. नसतील तर डाईक, म्हणजे भेगेत शिलारस गोठून झालेली दगडी भिंत. तीही कामाची आहे, कारण पुढे ती मध्येच तुटून बाजूला सरकलेली सापडली, तर भ्रंश तिथे शोधायचा.

खोलीसाठी ग्रॅव्हिटीच. बसाल्टची घनता साधारण 2.9 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, खालच्या ग्रॅनाइटी खडकाची 2.7. भ्रंशामुळे बसाल्टचा तळ एका बाजूला 100 मीटर खचलेला असला, तरी फरक पडतो जेमतेम 0.8 मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक). आणि उंची एक मीटर चुकली की 0.2 मिलिगॅल गेलेच. म्हणजे मोबाईलच्या जीपीएसने चार मीटर इकडेतिकडे केले, तर असलेला भ्रंश पुसला जाईल किंवा नसलेला उगवेल. यंत्र मिलिगॅलचा हजारावा भाग दाखवतं, त्याला भुलू नकोस. खर्च करायचा तो डीजीपीएसवर, म्हणजे उंची अचूक देणाऱ्या जीपीएसवर कर. घाटाजवळ टेरेन करेक्शन (आसपासच्या चढउतारांसाठीची दुरुस्ती) सोडायचंच नाही: शेजारचा कडा आणि शेजारची दरी, दोन्ही रीडिंग कमीच करतात.

सह्यकडा: बसाल्टची जाडी मनाने धरू नका. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बसाल्ट 338 मीटरवर संपला, खाली थोडा गाळाचा खडक, मग जुना पाया. कोयनेला तोच बसाल्ट 900 मीटरच्या पुढे गेला.

गोदाकाठ: कातळमाप काका, ग्रॅव्हिटीची स्टेशनं (मोजणीच्या जागा) किती अंतरावर घेऊ?

कातळमाप: तळ किलोमीटरभर खाली धरला, तर भ्रंश ओलांडताना ग्रॅव्हिटी जी चढते, त्या चढाचा पाव ते पाऊण हा टप्पा खोलीच्या दुप्पट, म्हणजे दोन किलोमीटरांत बसतो. त्यामुळे 250 मीटरवर स्टेशन पुरे. पण रेषा दोन्हीकडे आठ-दहा किलोमीटर तरी ने, नाहीतर चढ कुठे सुरू झाला तेच कळणार नाही. ड्रिफ्टसाठी (यंत्राचं रीडिंग वेळेनुसार हळूहळू सरकतं, ते धरायला) दर दोन तासांनी बेसला, म्हणजे ठरलेल्या एकाच स्टेशनला परत यायचं, तेव्हा पेठ रस्त्याच्या वळणांचा वेळ धरूनच दिवस आख. डेटा आला की इथे टाक, रिजनल (दूरवर पसरलेला मोठा कल) वेगळा काढायला मी बसतो तुझ्याबरोबर.