मदत हवी आहे: इंजिनच्या कामानंतर सबफ्रेम सरकून बसली आहे, गाडी उजवीकडे ओढते

नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितोय. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर दगड लागून ऑइल चेंबर फुटला आणि लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेली. बेळगावातल्या एका गॅरेजमध्ये इंजिन सबफ्रेमसकट (इंजिन आणि पुढच्या चाकांचे आर्म ज्यावर बसतात ती खालची चौकट) खालून उतरवून काम केलं. इंजिन आता छान चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही.

पण गाडी उजवीकडे ओढते. आपल्या रस्त्यांना कडेकडे, म्हणजे डावीकडे उतार असतो. हात सैल सोडला तर गाडी डावीकडे कलायला पाहिजे. देसूरच्या सरळ पट्ट्यावर चार वेळा जाऊन-येऊन बघितलं, दर वेळी उजवीकडेच. पुढचे टायर डावे-उजवे बदलून झाले, फरक नाही. सरळ जाताना स्टिअरिंगही डावीकडे तिरकं धरावं लागतं.

अलाइनमेंटचा कागद समोर आहे. गेल्या वर्षी दोन्ही पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर कलण्याचा कोन, उणे १५ मिनिटं होता (६० मिनिटं म्हणजे एक अंश; उणे म्हणजे वरून आत कललेलं). आता डावा उणे ३५ आणि उजवा अधिक ५. एकीकडे जेवढा कमी झाला, तेवढाच दुसरीकडे वाढला. बेरीज तीच राहिली. लोअर आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा खालचा दांडा) वाकला असता तर एकाच बाजूचा आकडा बिघडला असता. म्हणून मला वाटतं, सगळी फ्रेमच डावीकडे बसली आहे. चासीच्या भोकापासून फ्रेमच्या कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजलं, तर दोन बाजूंत ७ मिमीचा फरक आला. म्हणजे फ्रेम मध्यापासून साडेतीन मिमी सरकलेली.

मिस्त्रींना विचारलं, उतरवताना खुणा केल्या होत्या का? नव्हत्या. "काय होत नाही ओ मालक, टो मारून घ्या, सरळ होतंय," म्हणाले. टो म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, ते बदलून कॅम्बर कसा सुधारेल? आईला दर पंधरवड्याला याच गाडीतून बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे चालवून घेऊ म्हणायची माझी तयारी नाही.

इंजिन न उतरवता फ्रेमचे बोल्ट सैल करून ती सरकवता येते का? फ्रेमला आणि चासीला समोरासमोर जुळणारी भोकं आहेत. उद्यमबागेत ओळखीचे टर्नर आहेत, त्यांच्याकडून त्या मापाच्या पिना करून घेऊ शकतो. आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा दातेरी जॉइंट बसवताना एखादा दात चुकला असेल, तर ते ओळखायचं कसं?

निपाणीहून प्रतिसाद:

दादा, तुमचं निदान बरोबर आहे. टोला हात लावू नका, नाहीतर मूळ दोष झाकला जाईल आणि टायर आतून-बाहेरून खात राहतील. इंजिन उतरवायची गरज नाही. गाडी स्टँडवर घ्या, फ्रेमखाली जॅक लावा, चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग लॉक करा. आधी इंजिनच्या मागच्या टॉर्क रॉडचा (इंजिनला फ्रेमशी बांधणारा दांडा) बोल्ट सैल करा. ही पायरी बरेचजण विसरतात, मग इंजिन फ्रेमला पुन्हा जुन्या जागी ओढतं. फ्रेमचे बोल्ट दोन-दोन आटे सैल करा, काढू मात्र नका. लाकूड मध्ये घालून पहारीनं फ्रेम उजवीकडे रेटा. पिना अवश्य करा, टोकाला निमुळत्या, आणि तिरप्या समोरासमोरच्या दोन भोकांत घाला. कसताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच कसणारा पाना) हवाच, आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच. एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवे आणा. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट सैल केलेत, तर ते गाडी चाकांवर उभी असताना कसा. हवेत कसले की बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दाताचं नंतर बघू. फ्रेम मध्यावर आल्यावरही स्टिअरिंग तिरकं राहिलं, तरच जॉइंट उघडा. तो सुटा असताना स्टिअरिंग एक फेराही फिरू देऊ नका, आतली एअरबॅगच्या वायरची पट्टी तुटते.

धागाकर्ता:

टॉर्क रॉडचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. एअरबॅगचा दिवा लागलेला नाही, म्हणजे पट्टी शाबूत असावी. रविवारी पिना हातात येतील. कसण्याआधी दोन्ही बाजूंचं माप पुन्हा इथे टाकतो, तेवढं बघाल का?